राउटरवर लॉगिन केल्यावर आपला मेसेज कसा दाखवायचा? (ओपनडब्ल्यूआरटी, बॅनर, एमओटीडी वगैरे)

माणदेशी | शनि, रात्री १०:४२

मंडळी, मदत हवीये. आमच्या गावात एमपीएससी आणि पोलीस भरतीवाल्या पोरांसाठी अभ्यासिका आहे, तिथे एक राउटर आहे त्यावर माझ्या आतेभावाने ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चालणारी लिनक्स सिस्टीम) टाकून दिलंय, आणि शेजारी एक रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) आहे ज्यावर जुन्या प्रश्नपत्रिका ठेवल्यात. आतेभाऊ आता पुण्याला, त्यामुळे रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड तीन-चार जणांकडे आहे. मागच्या आठवड्यात एकाने राउटरचा लॅन पत्ता बदलला, कुणाला सांगितलं नाही, आणि प्रिंटर, पाय, सगळं गायब. भांडणं झाली ती वेगळीच.

तर मला असं करायचंय की कुणीही लॉगिन केलं की समोर मेसेज आला पाहिजे की बाबा हा राउटर अभ्यासिकेचा आहे, नेटवर्कची फाईल बदलायच्या आधी हे कर, ते कर, आणि अमक्याला फोन लाव. जमलं तर मराठीत. नेटवर शोधलं तर कुणी बॅनर म्हणतंय, कुणी एमओटीडी, कुणी इश्यू. नक्की कुठली फाईल? आणि ती बदलायची कशी, व्हीआय एडिटर उघडला की मला बाहेर पडता येत नाही.

---

चहाबाज | शनि, रात्री १०:५१

व्हीआयमधून बाहेर पडता येत नाही हे ऐकून बरं वाटलं, आपल्यासारखा कुणीतरी आहे म्हणायचा.

मेसेजमध्ये "येथे हात लावल्यास पोलीस भरतीच्या मैदानावर दहा राउंड" असं लिहा. वाचतोय.

---

खटपट्या | शनि, रात्री ११:२०

माणदेशी भाऊ, तिन्ही खरं आहे, फक्त वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या डब्यावर. (फाइलींची नावं आणि कमांडी मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना रोमन आणि बहुतेक सगळी स्मॉल.)

इश्यू म्हणजे /इटीसी/इश्यू. ही लॉगिनच्या आधी दिसते, पण फक्त मॉनिटर-कीबोर्ड जोडलेल्या कन्सोलवर, जिथे नाव विचारतात त्याच्या वर. तुमच्या पायला स्क्रीन असेल तर तिथे दिसेल, एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून, येणाऱ्याला नाही.

एमओटीडी म्हणजे /इटीसी/एमओटीडी, आजचा निरोप, ही लॉगिन झाल्यावर. पायवर तुम्हाला हीच बदलायची आहे, कारण रास्पबेरी पाय ओएस म्हणजे आतून डेबियन लिनक्सच. तिथे "या सिस्टीममधले प्रोग्राम फ्री सॉफ्टवेअर आहेत, वॉरंटी नाही" असा इंग्रजी परिच्छेद येतो ना, तो या फाईलमधला. खुशाल पुसा आणि आपलं लिहा. त्याच्या वर जी कर्नलची एक ओळ येते ती मात्र या फाईलमध्ये सापडणार नाही, ती /इटीसी/अपडेट-एमओटीडी.डी या फोल्डरमधली छोटी स्क्रिप्ट छापते.

राउटरवर /इटीसी/बॅनर. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये यात जादू काही नाही, /इटीसी/प्रोफाइल उघडून बघा, त्यात ओळ आहे की बॅनर नावाची फाईल असेल तर कॅट कर, म्हणजे स्क्रीनवर छाप. बास. लॉगिन शेल (लॉगिननंतर कमांडी घेणारा प्रोग्राम) सुरू झाला की प्रोफाइल चालते, प्रोफाइल बॅनर छापते. रूटला पासवर्डच नसेल तर पासवर्ड ठेवा म्हणून जी मोठी वॉर्निंग येते तीसुद्धा त्याच प्रोफाइलमधून.

व्हीआयचं म्हणाल तर तुमच्या राउटरवर जे आहे ते बिझीबॉक्सचं लहान व्हीआय आहे, खऱ्या विमच्या निम्म्या गोष्टी त्यात नाहीत, पण एवढं पुरतं: उघडलं की आय दाबा, मग टाइप करा, झालं की एस्केप, मग कोलन डब्ल्यू क्यू एंटर. गोंधळ झाला तर एस्केप, कोलन क्यू उद्गारचिन्ह एंटर, काहीही सेव्ह न होता बाहेर. हे दुसरं आधी पाठ करा. नॅनो हवं तर पॅकेज टाकता येतं, पण फ्लॅश (साठवायची जागा) किती आहे ते बघून. ४ एमबीवाल्या जुन्या डब्यात एडिटरची चैन परवडत नाही, आणि ४ एमबी फ्लॅश, ३२ एमबी रॅमवाल्यांना आता नवीन आवृत्त्याही चालत नाहीत.

---

माणदेशी | शनि, रात्री ११:३८

धन्यवाद दादा, लगेच करून बघितलं, बॅनर दिसला. फ्लॅश १६ एमबी आहे म्हणजे बरं दिसतंय. पण आधीच्या बॅनरमध्ये मोठ्या अक्षरात नाव आणि खाली "वायरलेस फ्रीडम" लिहिलेलं होतं. आणि आतेभावाच्या जुन्या राउटरवर मी कधीतरी त्याखाली जिन, संत्र्याचा रस असलं काहीतरी बघितल्यासारखं आठवतंय. की मला भास झाला?

---

चहाबाज | शनि, रात्री ११:४०

अभ्यासिकेच्या राउटरमध्ये जिन. पोरांचं काही खरं नाही.

---

जुनं_खोड | रवि, सकाळी ६:१५

भास नाही. ओपनडब्ल्यूआरटीच्या आवृत्त्यांची नावं एकेकाळी कॉकटेलवरून असायची, व्हाइट रशियन, कामिकाझे, बॅकफायर, ॲटिट्यूड ॲडजस्टमेंट, बॅरियर ब्रेकर, केऑस कामर, आणि बॅनरमध्ये त्या त्या कॉकटेलची कृती मापासकट छापलेली असे. तुम्ही बघितलंत ते केऑस कामर असणार, १५.०५. मग २०१६ साली काही मंडळी वेगळी होऊन एलईडीई नावाने काम करायला लागली, २०१८ च्या सुरुवातीला पुन्हा एकत्र आली आणि नंतरच्या बॅनरमधून कृती गेल्या. मला तरी त्या आवडायच्या, लॉगिन केल्या केल्या कळायचं की डब्यात कुठली आवृत्ती आहे.

मूळ गोष्ट त्याहून जुनी. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर २००२ च्या शेवटी आला, त्यात आत लिनक्स निघालं, जीपीएल लायसन्सप्रमाणे सोर्स द्यावा लागतो म्हणून २००३ मध्ये तो खुला झाला आणि २००४ पासून त्यावर ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. नावातलं डब्ल्यूआरटी तिथूनच आलंय. आम्ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होतो तेव्हा टर्मिनलवर असेच निरोप असायचे, "कार्ड नंबर अमुक काढू नये". जो शिफ्टला येईल त्याच्यासाठी. ती सवय चांगली होती.

---

मृणाल_टी | रवि, दुपारी १२:०५

काकांना +१. माझं रोजचं काम याच प्रकारच्या डब्यांवर आहे (स्टुटगार्टमध्ये, कारखान्यातली गेटवे वगैरे), म्हणून दोन गोष्टी सांगते, जरा लांब होईल.

पहिली, लॉगिनच्या आधीचा मेसेज आणि नंतरचा मेसेज या दोन वेगळ्या वाचकांसाठी आहेत. आधीचा कुणीही वाचू शकतो, पासवर्ड माहीत नसलेलासुद्धा. राउटरवर तो दाखवायचा तर /इटीसी/कॉन्फिग/ड्रॉपबेअर मध्ये (ड्रॉपबेअर म्हणजे राउटरवरचा एसएसएच सर्व्हर) बॅनरफाइल नावाचा ऑप्शन आहे, यात बॅनरचा बी आणि फाइलचा एफ कॅपिटल, त्याला फाईलचा पत्ता द्यायचा आणि ड्रॉपबेअर रिस्टार्ट करायचा. पायवर ओपनएसएसएच असतं, तिथे एसएसएचडी_कॉन्फिग मध्ये बॅनर अशी ओळ. पण या आधीच्या मेसेजमध्ये अभ्यासिकेचं नाव, कुणाचा फोन, कुठला मॉडेल यातलं काहीही लिहू नका. "खासगी उपकरण, परवानगी असेल तरच पुढे जा" एवढं पुरे. मॉडेल आणि आवृत्ती बाहेरच्याला आपण होऊन कशाला सांगायची? आता कुणी म्हणेल की एसएसएच जोडणी सुरू होतानाच सर्व्हर आपलं सॉफ्टवेअर नाव सांगतोच, ते खरंय, पण म्हणून बाकीचंही वाटायचं असं नाही.

कामाचं सगळं नंतरच्या मेसेजमध्ये. आणि तिथे नमुना हवा असेल तर ओपनडब्ल्यूआरटीच्याच पोटात आहे: /इटीसी/बॅनर.फेलसेफ. राउटर फेलसेफ मोडमध्ये (बिघाड दुरुस्तीच्या किमान अवस्थेत) चालू केला की हा येतो, आणि त्यात शोभेचं काही नाही. फर्स्टबूट दिलं तर सेटिंग मूळपदावर जाईल, माउंट_रूट दिलं तर तुमच्या कॉन्फिग फाइली दिसतील, त्यानंतर पासवर्ड असा बदला, कॉन्फिग इथे आहे. संपलं. ज्या माणसाला हा मेसेज दिसतोय तो नेमका कुठे अडकलाय हे ओळखून लिहिलंय. तुमचाही तसाच लिहा, की वाचणाऱ्याला पुढची कमांड मिळाली पाहिजे. नुसतं "हात लावू नका" कुणी ऐकत नाही.

दुसरी गोष्ट, पायवर काही जण मेसेज दाखवायला बाशआरसी (शेल सुरू होताना वाचली जाणारी फाईल) मध्ये एको (मजकूर छापणारी कमांड) टाकतात. नका. एससीपी किंवा आरसिंकने फाईल पाठवताना तीच बाशआरसी चालते, तिथे तुमचं "राम राम मंडळी" मध्ये घुसतं आणि समोरच्या प्रोग्रामला ते कळत नाही, फाईल जातच नाही आणि माणूस नेटवर्कवर खापर फोडत बसतो. राउटरवर हा त्रास नाही कारण प्रोफाइल फक्त लॉगिन शेलला चालते.

---

वकिलीण_बाई | रवि, दुपारी १:३०

तांत्रिक काही कळत नाही पण परवानगीवाल्या ओळीबद्दल लिहिते. आयटी ॲक्ट २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा ताब्यात असलेल्याच्या परवानगीशिवाय संगणक वा नेटवर्कमध्ये शिरणं येतं, आणि तेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६. आधी दिसणारी पाटी असली की "मला माहीतच नव्हतं परवानगी लागते" ही सबब जरा लंगडी पडते, एवढाच तिचा उपयोग. पाटी नसली म्हणून शिरकाव कायदेशीर होत नाही. अभ्यासिकेतल्या पोरांवर मात्र कलमं लावू नका, त्यांना परीक्षा द्यायच्यात.

---

लातूरकर | रवि, दुपारी ३:१०

मी जरा वेगळं सुचवतो. मेसेज कोण वाचतंय, सरळ नेटवर्कच्या कॉन्फिग फाईलमध्येच वर हॅश लावून कमेंट लिहा ना, "हा पत्ता बदलू नये, प्रिंटर यावर आहे". जो बदलायला जाईल त्याला तिथेच दिसेल.

---

खटपट्या | रवि, दुपारी ३:४५

कल्पना बरोबर, पण ओपनडब्ल्यूआरटीत टिकत नाही. कॉन्फिग फाइली यूसीआय नावाच्या पद्धतीने वाचल्या-लिहिल्या जातात. तुम्ही व्हीआयने हाताने बदललं तर कमेंट राहील, पण कुणी यूसीआय सेट करून यूसीआय कमिट दिलं, किंवा ब्राउझरमधून लूसीच्या पानावर सेव्ह दाबलं, की ती फाईल नव्याने लिहिली जाते आणि हॅशवाल्या सगळ्या ओळी साफ. पोरं ब्राउझरमधूनच बदलणार. म्हणून कमेंट बॅनरमध्येच बरी.

हाताने बदलणार असाल तर फाईलची ठेवण कळून घ्या. कॉन्फिग या शब्दाने तुकडा सुरू होतो, उदाहरणार्थ कॉन्फिग इंटरफेस 'लॅन', खाली आत सरकवून ऑप्शन आयपीॲडर '१९२.१६८.१.१' असं. एक अवतरणचिन्ह उघडं राहिलं तर त्या चुकीपुढची फाईल वाचलीच जात नाही आणि राउटर नेटवर्कशिवाय उभा राहतो. त्यामुळे बदल केला की रिस्टार्टच्या आधी यूसीआय शो नेटवर्क द्यायचं, सगळं नीट छापलं तर फाईल शुद्ध आहे, "पार्स एरर" आलं तर ओळ नंबरही सांगतो.

आणि पत्ता बदलताना आपण ज्या फांदीवर बसलोय तीच तोडत असतो हे लक्षात ठेवा. लूसीतून केलं तर त्यात सोय आहे, ठरावीक वेळात ब्राउझर नव्या पत्त्यावर पोचला नाही तर बदल आपोआप मागे घेतला जातो. कमांडलाइनवर तशी सोय नाही, ती आपणच करायची: आधी नेटवर्क फाईलची कॉपी /टीएमपी मध्ये, मग कंसात स्लीप १२०, ती कॉपी परत जागेवर, नेटवर्क रिस्टार्ट, आणि कंसाबाहेर अँपरसँड, म्हणजे हे पाठीमागे चालत राहील. मग खरा बदल करा. नीट झालं तर दोन मिनिटांच्या आत नव्या पत्त्यावरून येऊन ते पाठीमागचं काम किल कमांडने थांबवा, नाही झालं तर चहा प्या, राउटर आपणहून जुन्या जागी येईल.

---

लातूरकर | रवि, दुपारी ४:०२

हे यूसीआयचं माहीत नव्हतं. अजून एक, मी बॅनर विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहून पाठवला तर चालेल ना? व्हीआयपेक्षा सोपं.

---

मृणाल_टी | रवि, दुपारी ४:४०

बॅनर असेल तर चालून जाईल, नुसता छापायचाय. स्क्रिप्ट किंवा कॉन्फिग असेल तर जपून. विंडोज ओळीच्या शेवटी दोन अक्षरं घालतं, सीआर आणि एलएफ, लिनक्सला फक्त एलएफ लागतं. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत /बिन/एसएच च्या शेपटीला तो न दिसणारा सीआर चिकटला की राउटर "नॉट फाउंड" म्हणतो, आणि फाईल तर समोर दिसत असते, लोक डोकं आपटतात. २०१८ पासूनचं नोटपॅड एलएफवाली फाईल जशीच्या तशी सांभाळतं, पण नवीन फाईल केली तर अजूनही सीआरएलएफच करतं. आलंच अंगावर तर सेड किंवा डॉस२युनिक्सने काढून टाका.

मराठीबद्दल राहिलं. फाईलमध्ये देवनागरी ठेवायला काही अडचण नाही, यूटीएफ-८ मध्ये एकेक चिन्ह तीन बाइटचं, दहा ओळींचा बॅनर असला तरी दोन केबी होत नाही. अडचण दिसण्याची आहे. टर्मिनल म्हणजे चौकोनांची वही, प्रत्येक अक्षराला एक चौकोन, आणि आपल्या लिपीत काना, वेलांटी, जोडाक्षर एकमेकांत मिसळतात. पुटीमध्ये (विंडोजवरून एसएसएच करायचा प्रोग्राम) बघितलंत तर वेलांट्या सुट्या पडलेल्या दिसतील, "विद्यार्थी" ओळखू येणार नाही. बिझीबॉक्सचं व्हीआय तर बाइट मोजतं, त्यात देवनागरी उघडली की कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. तेव्हा मराठीत लिहायचंच असेल तर संगणकावर लिहून पाठवा, राउटरवर एडिट करू नका. आणि कमांडी, पत्ते हे वेगळ्या ओळीवर रोमनमध्ये ठेवा म्हणजे मराठी ओळ फुटली तरी कामाचं वाचता येईल.

---

सह्याद्री_पोरगी | रवि, संध्या ६:२०

आम्ही हॉस्टेलच्या राउटरवर रोमन लिपीत मराठी लिहिलंय, "baba re" टाइप, इथे रोमन चालत नाही म्हणून संपादकांनी कापलं तर प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) समजावे. ते सगळ्या मोबाईलवर नीट दिसतं. शुद्धलेखनवाले नाक मुरडतात पण वाचलं तर जातं.

---

माणदेशी | रवि, रात्री ८:०५

सगळ्यांचं वाचलं, खूप कामाचं आहे. मसुदा असा केलाय, बघा:

"नमस्कार. हा अभ्यासिकेचा मुख्य राउटर आहे. कृपया कोणतीही सेटिंग बदलू नये. अभ्यासिका ही आपल्या सर्वांची आहे, तिची काळजी घेणे आपले कर्तव्य आहे. अडचण आल्यास दादांना फोन करावा. रूट पासवर्ड कुणालाही देऊ नये. वायफाय पासवर्ड बदलल्यास फळ्यावर लिहावा. आदेशावरून, समिती."

---

चहाबाज | रवि, रात्री ८:११

"आदेशावरून" वाचून हात जोडले आणि लॉगआउट केलं.

---

मृणाल_टी | रवि, रात्री ८:५०

माणदेशी, रागावू नका, पण यातलं निम्मं फळ्यावर शोभेल. रूटने आत आलेला माणूस काहीतरी बदलायलाच आलाय, त्याला "बदलू नये" सांगून काय होणार? मी अशी बांधणी करीन:

"मुख्य राउटर, अभ्यासिका. लॅन पत्ता १९२.१६८.१.१, प्रिंटर .२०, पाय .३०, हे तिन्ही एकमेकांना धरून आहेत.
बदलायच्या आधी: सिसअपग्रेड -बी /टीएमपी/बॅकअप.टार.जीझेड, आणि ती फाईल पायवर कॉपी करा.
बदल केला की पायवरच्या बदल.टीएक्सटी मध्ये तारीख, नाव, काय केलं, एक ओळ.
अडलं तर: दादा (नंबर लॉगबुकात)."

पाचएक ओळी, याच्यावर नको. लांब बॅनर लोक दुसऱ्या दिवसापासून वाचत नाहीत, आणि मोबाईलवर तर वरचा भाग सरकून जातो. फोन नंबर बॅनरमध्ये न लिहिता वहीत ठेवा, बॅनरचे स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरतात.

आणि खरं औषध वेगळंच आहे. सगळे एकाच रूट पासवर्डने येतात म्हणून कुणी केलं ते कळत नाही. चौघांच्या एसएसएच की (पासवर्डऐवजी चालणारी किल्ली) घ्या, /इटीसी/ड्रॉपबेअर/ऑथोराइज्ड_कीज मध्ये एकेक ओळ, शेवटी नाव, आणि पासवर्डने लॉगिन बंद करा. लॉगरीड (राउटरच्या नोंदी दाखवणारी कमांड) मध्ये कुठल्या कीने कोण आलं ते दिसतं. ब्राउझरमधलं लूसी मात्र पासवर्डवरच चालतं, तो पासवर्ड बदलून एकाकडेच ठेवा. जो गेला त्याची की पुसून टाका.

---

माणदेशी | रवि, रात्री ९:१५

मृणालताई, राग कसला, हेच हवं होतं. घेतलं. "कर्तव्य" काढलं.

एक विचारायचं होतं, उद्या आवृत्ती अपडेट केली तर हे सगळं राहील का? आणि बॅनरमध्ये आज किती जण जोडलेत, फ्लॅश किती उरलीय असं आपोआप दाखवता येईल का?

---

खटपट्या | रवि, रात्री १०:३०

राहील का, तर अर्धं. ओपनडब्ल्यूआरटीत मूळ सिस्टीम स्क्वॅशएफएस मध्ये दाबून भरलेली, ती फक्त वाचायची. तुम्ही जे बदलता ते वरच्या थरात, ओव्हरलेमध्ये जातं आणि खालचं झाकतं. म्हणून मूळ बॅनर अजून /रॉम/इटीसी/बॅनर मध्ये जसाच्या तसा आहे, कधी वाटलं तर तिथून कॉपी करून आणा. बॅनर पुसून टाकलात तरी जागा काही वाचत नाही, उलट "हे पुसलंय" अशी खूण ओव्हरलेत ठेवावी लागते.

सिसअपग्रेड, म्हणजे आवृत्ती अपडेट, करताना /इटीसी/कॉन्फिग आणि ठरलेल्या काही फाइली सांभाळल्या जातात, बॅनर त्यात नाही. नवीन आवृत्तीचा बॅनर येऊन बसतो. टिकवायचा असेल तर /इटीसी/सिसअपग्रेड.कॉन्फ मध्ये त्याचा पूर्ण पत्ता एका ओळीवर लिहा, मग सिसअपग्रेड -एल देऊन यादीत तो आला का बघा. पण माझा सल्ला वेगळा: बॅनरला हातच लावू नका. त्यात आवृत्तीचं नाव असतं, जुना बॅनर पुढे ओढलात तर अपडेटनंतरही जुनीच आवृत्ती छापत राहील आणि पुढचा माणूस फसेल. आपला मेसेज वेगळ्या फाईलमध्ये, /इटीसी/प्रोफाइल.डी फोल्डरात, अभ्यासिका.एसएच नावाने. प्रोफाइल शेवटी या फोल्डरातल्या .एसएच ने संपणाऱ्या सगळ्या फाइली चालवते. जुन्या आवृत्तीत हे नसेल तर आधी प्रोफाइल उघडून खात्री करा. सांभाळायच्या यादीत हा फोल्डर आहे का तेही -एल ने बघा, नसला तर तोच पत्ता सिसअपग्रेड.कॉन्फ मध्ये.

मग तुमचा दुसरा प्रश्नही सुटतो, ही स्क्रिप्टच असल्यामुळे. मेसेज एकोने, फ्लॅशसाठी डीएफ -एच /ओव्हरले, आणि किती जणांना पत्ता दिलाय त्यासाठी डब्ल्यूसी -एल ला /टीएमपी/डीएचसीपी.लीजेस फाईल. त्यात ओळी मोजल्या की झालं (आत्ता बसलेलेच असं नाही, लीज (दिलेल्या पत्त्याची मुदत) संपेपर्यंत गेलेलेही मोजले जातात).

यात एक खोड लक्षात ठेवा, ही फाईल वेगळी चालत नाही, तुमच्या लॉगिन शेलच्या आतच वाचली जाते. त्यात शेवटी सवयीने एक्झिट लिहिलंत तर लॉगिन होताच तुम्ही बाहेर. मेसेज दिसतो आणि दार बंद. तसं झालं तर घाबरू नका, एसएसएचलाच कमांड जोडून पाठवा, म्हणजे एसएसएच रूट ॲट पत्ता आणि पुढे अवतरणात आरएम आणि त्या फाईलचं नाव. कमांड जोडली की लॉगिन शेल नसतो, प्रोफाइल चालत नाही, फाईल पुसली जाते.

पायवर नेमकं उलटं. अपडेट-एमओटीडी.डी मध्ये फाईलच्या नावात टिंब असेल तर ती गुपचूप वगळली जाते, म्हणजे तिथे ५०-अभ्यासिका असं, .एसएच न लावता, आणि चालवायची परवानगी सीएचमॉडने द्यायची. राउटरवर .एसएच नसेल तर चालत नाही, पायवर असेल तर चालत नाही. कुणी ठरवलं देव जाणे.

---

जुनं_खोड | सोम, सकाळी ६:०५

त्यात तारीख छापणार असाल तर एक सांगतो. या राउटरांत घड्याळाची बॅटरी नसते. वीज जाऊन आली आणि इंटरनेट बंद असलं तर राउटर वेळ कुठून आणणार? तो /इटीसी मधली सगळ्यात अलीकडे बदललेली फाईल शोधतो आणि तिची वेळ हीच आत्ताची वेळ धरून सुरू करतो. म्हणजे लोडशेडिंगनंतर तुमच्या बॅनरवर जी तारीख दिसेल ती तुम्ही शेवटचं एडिट कधी केलं त्याची. मला हे कळलं तेव्हा गंमत वाटली, जुगाड चांगला आहे, १९७० पेक्षा बराच बरा.

आणि टाइमझोन: सिस्टीमच्या कॉन्फिगमध्ये आयएसटी-५:३० असं वजा चिन्ह दिसेल. ते बरोबर आहे. पॉसिक्सची (युनिक्सवाल्यांच्या मानकाची) रीत उलटी, ग्रीनिचला पोचायला किती मिळवायचं ते लिहितात. कुणी हुशारीने अधिक करू नये, नाहीतर वेळ अकरा तास मागे जाते.

---

लातूरकर | सोम, सकाळी ९:४०

धागा वाखूत (वाचनखुणांत) साठवला. पण मला काल रात्रीपासून एक नडतंय. लॅपटॉपवरून एससीपीने बॅनर राउटरवर पाठवतोय तर "एसएफटीपी-सर्व्हर नॉट फाउंड" येतं. पायवर तीच कमांड सुरळीत चालते. राउटरमध्ये परवानगीचा काही घोळ आहे का?

---

मृणाल_टी | सोम, दुपारी १२:५०

परवानगीचा नाही. ओपनएसएसएच ९.० पासून, म्हणजे २०२२ पासून, एससीपी कमांड आतून एसएफटीपी वापरते, आणि राउटरवरच्या ड्रॉपबेअरसोबत एसएफटीपीचा सर्व्हर येत नाही. एससीपी नंतर उणे आणि कॅपिटल ओ लावा, जुन्या पद्धतीने जाईल. हे अक्षर कॅपिटलच हवं, स्मॉल ओ लावलं तर त्याचा अर्थ वेगळा. किंवा राउटरवर ओपनएसएसएच-एसएफटीपी-सर्व्हर हे पॅकेज टाका, मग विनएससीपीसुद्धा नेहमीसारखं चालेल. १६ एमबीवाल्यांना परवडतं.

---

लातूरकर | सोम, दुपारी १:०५

कॅपिटल ओ ने गेलं. धन्स ताई.